सात ठिपक्यांचा बिब्बा

जामखेडकडच्या त्या वस्तीवर कुणाचा गुडघा धरला, पाठ धरली की माणसं रंगुबाईकडे येत. बिब्बा दिव्यावर तापवायचा, सुईने त्याचं तेल घ्यायचं आणि दुखऱ्या सांध्याभोवती सात ठिपके द्यायचे. आठवा नाही. सासूने शिकवलेला हा नेम ती वीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

यंदा गुडघा तिचाच धरला. पंधरा दिवस निर्गुडीच्या पाल्याचा शेक झाला, एरंडाचं पान तेल लावून बांधून झालं. सूज तसूभर हलेना. आणि ऊसतोडीचा ट्रक तर उद्या निघायचा. तोडीला एकट्याला कोण घेतो? नवरा-बायको मिळून एक कोयता. रंगुबाई गेली नाही, तर तिच्या जागी ज्योती, दहावीतली लेक, जाणार हे कुणी न बोलताही घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

सकाळी मुकादम काकासाहेब दारात आला. "वहिनी, गुडघ्याचं काय?"

"उद्या बघा की, हरणीवानी उड्या मारते का न्हाई!"

"उड्या ऱ्हाऊ द्या. नुसती उठबस जमली तरी लई झालं," म्हणत तो हसत गेला.

दुपारी घरात कोणी नसताना तिने बिब्बा काढला. सात ठिपके दिले. पण गुण उद्याच यायला हवा होता. तिने आठवा दिला, नववा दिला, मग उरलेलं तेल बोटाने गुडघाभर चोळलं आणि वर एरंडाचं गरम पान करकचून बांधलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर तिनेच त्याचा हात धरला असता.

दुसऱ्या दिवशी पान सोडलं तर बिब्बा उतला होता. गुडघाभर टरारलेले फोड.

"दुनियेला मोजून देतीस, आन् सोताला?" तिचा नवरा बजरंग एवढंच म्हणाला आणि खोबरं किसायला बसला. खोबऱ्याने आग जरा निवली. पाय काही दुमडेना.

ज्योतीने दप्तर खुंटीला अडकवलं. "आई, मोळी कशी बांधत्यात तेवढं दाखव."

रंगुबाईने कडब्याची चार ताटं घेऊन बांधून दाखवली. लेकीने पहिल्याच खेपेला बरोबर बांधली. शाबास म्हणायला आईचं तोंड उघडेना.

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. रंगुबाईने शिल्लक निर्गुडीचा पाला फडक्यात घेतला आणि लेकीच्या गाठोड्यात कोंबला.

"ह्ये कशाला? माझं कुठं काय दुखतंय?"

रंगुबाईने गाठोड्याची गाठ आवळली.