मकरंद जागाच असतो

मकरंदला झोप लागत नाही, हे मद्रासमधल्या वेलचेरीच्या त्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. दया येणं राहिलं बाजूला, लोकांनी त्याचा उपयोगच करून घ्यायला सुरुवात केली होती. पाण्याची लॉरी पहाटे येणार? मकरंदला सांगा. खालच्या वेंकटला चारची गाडी पकडायची? मकरंद दार वाजवेल. "सार, तुम्ही जागेच असता ना!" वेंकट हसून म्हणायचा. अरे बाबा, जागा असतो म्हणजे काय हौसेने असतो का? पण मकरंद कुणाला नाही म्हणत नसे. नऊ वर्षं पंख्याकडे बघत रात्री काढलेल्या माणसाला आपला कुणाला तरी उपयोग होतोय, एवढंच बरं वाटायचं.

घरात तो आणि ब्याऐंशी वर्षांची आई, जयवंतीबाई. बायको नीलम बँकेत. बदली कोइम्बतूरला, शनिवार-रविवार घरी यायची. आईला रात्री दोन-तीनदा उठावं लागे. तिने नुसतं "मक्या" म्हणायचा अवकाश, हा हात धरायला हजर.

पण शरीर किती दिवस ऐकून घेणार? गिंडीच्या कारखान्यात तो सुटे भाग मोजून पास करायचा, ते मायक्रोमीटरवरचे आकडे दुपारी डोळ्यांपुढे नाचायला लागले. ओळखीच्या माणसांची नावं आठवेनात. नको तिथे चिडचिड. रक्तदाब असा चढला, की गोळ्यांनाही दाद देईना. आणि एकदा स्कूटरवर, भर रहदारीत, बसल्या बसल्या डुलकी लागली. मागच्या बसने जोरात हॉर्न दिला म्हणून वाचला, नाहीतर संपलंच होतं सगळं.

मग गेला एकदाचा डॉक्टरकडे. डॉक्टर विजयलक्ष्मी त्याच्यावर चांगल्याच उखडल्या. "नऊ वर्षं काय करत होतात? हा स्वभाव नाही, आजार आहे. असंच चाललं तर हृदय आणि मेंदू, दोन्हींना धोका आहे." त्यांनी नियम घालून दिले. डोळे मिटायला लागले तरच आडवं व्हायचं, तळमळत पडून राहायचं नाही. उठायची वेळ रोज एकच, रविवारीसुद्धा. दुपारची झोप बंद, जेवणानंतरची कॉफी बंद. "आणि आईंसाठी रात्रीची बाई ठेवा. सतत कान तिकडे लागलेला असेल, तर झोप येईल कशी?"

घरी येऊन त्याने आईला सगळं सांगितलं. हृदय आणि मेंदूचं ऐकून तिचा चेहरा एवढासा झाला.

बाकीचं सगळं पाळलं हो बिचाऱ्याने. कॉफीसुद्धा सोडली, मद्रासेत राहून! फक्त बाई ठेवली नाही. "मला कुठे झोप लागतेय? लागली की बघू," म्हणाला. नीलम फोनवर मागे लागली, तरी तेच.

सहाव्या आठवड्यात एका बुधवारी त्याला जाग आली, तेव्हा खोलीत ऊन आलं होतं. सात तास! सलग सात तास! पलंगावर बसून तो वेड्यासारखा हसला, मग त्याला रडूच आलं. आईला सांगायला धावला, तर अंथरूण रिकामं.

आई बाथरूमच्या फरशीवर पडली होती. शुद्धीत होती, पण ओठ कोरडे, अंग गार. पाय वाकडा झाला होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं. या वयात धोका आहे, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि त्याची सही घेतली.

संध्याकाळी तिच्या उशाशी बसून त्याने विचारलं, "चार तास पडून होतीस, आई. हाक का नाही मारलीस?"

"मारणारच होते. तेवढ्यात तुझं घोरणं ऐकू आलं." ती चक्क हसली. "किती वर्षांनी ऐकलं रे! म्हटलं, झोपू दे पोराला. दुखायला लागलं, की पदर धरत होते तोंडात."

मकरंदला हुंदका आवरेना. "माझ्यामुळे झालं हे. बाई ठेवायला हवी होती मी."

"गप. तुला काही झालं असतं म्हणजे? आता इथे आडवा हो आणि झोप. मला बघू दे."

तो बाकावर आडवा झाला. झोप कसली येते! पण ती मान वळवून वळवून बघत होती, म्हणून डोळे मिटून लांब लांब श्वास घेत राहिला. रात्रभर.

सकाळी सहाला स्ट्रेचर आलं. चाकं खडखडली, नर्स मोठ्याने काहीतरी बोलली. तीस वर्षांत आईला भाजीवालीपुरतंच तमिळ आलं होतं, त्यातून कसेबसे शब्द जुळवून ती कुजबुजली, "सत्तम पोडादे अम्मा, पिळ्ळै तूंगुदु." आवाज करू नकोस बाई, पोर झोपलंय.

मकरंदने सगळं ऐकलं. उठावं, तिचा हात धरावा, असं फार वाटलं. पण तिच्या आवाजात इतकं समाधान होतं, की त्याच्याने ते मोडवेना. परत आली की बोलू, असं म्हणून तो तसाच पडून राहिला.

ती परत आली नाही.