शेऱ्याचा रकाना

"कट," दिग्दर्शक म्हणाला, तरी सेटवर कुणी हललं नाही. आईचं काम करणारी नटी तशीच उभी राहिली आणि दिवेवाला दिवे मालवायचं विसरला. फक्त कॅमेऱ्याशेजारच्या खुर्चीत बसलेल्या ताईच्या पोटात दुखायला लागलं. त्या दुखण्यावर कुठल्याच दुकानात गोळी मिळत नाही.

युनिटमध्ये सगळे तिला ताईच म्हणत. गेली बावीस वर्षं ती कंटिन्युइटी सांभाळत होती. आधीच्या शॉटमध्ये पेला अर्धा भरलेला असेल तर पुढच्या शॉटमध्येही तो अर्धाच हवा, शर्टाचं बटण उघडं असेल तर उघडंच हवं, हे डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि तक्त्यावर टिपून ठेवायचं. चूक झाली की खापर तिच्या डोक्यावर. नाही झाली, तर असं काही काम असतं हेही कुणाच्या गावी नसे.

आणि दिग्दर्शक कोण, तर बारक्या. आता सगळे त्याला सर म्हणत, पण चार वर्षं तो ताईच्या हाताखाली होता. स्टॉपवॉच कसं धरायचं इथपासून तिनं त्याला शिकवलं. तिची स्वतःची एक पटकथा अकरा वर्षं कपाटात पडून होती. ती सात निर्मात्यांकडे जाऊन सातही वेळा परत आली होती. बारक्याची पहिल्याच दारात घेतली गेली.

ती टाकाऊ असती, तर ताईनं त्याला जीव तोडून मदत केली असती. पण ती चांगली होती, आणि हेच तिला सोसवत नव्हतं. आताचाच शॉट घ्या. मुलगा कायमचा घर सोडून निघालाय आणि आई नुसता त्याच्या गालावर हात ठेवते. आईची वाक्यं बारक्यानं सकाळीच खोडून टाकली होती. ताईच्या पटकथेत अशाच जागी दीड पान संवाद होता. हात गालावर टेकला तेव्हा तिला कळलं, की आपल्याला हे या जन्मात सुचलं नसतं. मेल्याला सुचलं कसं, म्हणून ती जळून गेली.

आणि त्याच क्षणी तिला पट्टी दिसली. स्वयंपाकघरातल्या प्रसंगात आईचं बोट कापलं होतं, ते डाव्या हाताचं. आज मेकअपदादानं पट्टी उजव्या हाताला बांधली होती. दिवसभर आरशात बघून काम करणाऱ्या माणसाची चूक.

बारक्या वळला. टेक झाला की आधी कंटिन्युइटीकडे बघायचं, ही सवयही तिनंच लावलेली.

"ताई, ओके?"

संध्याकाळी हा सेट मोडणार होता. नटी उद्या परदेशी निघणार होती. आता तोंड उघडलं, तर अर्ध्या तासात दुसरा टेक झाला असता.

"ओके," ताई म्हणाली.

तीन आठवड्यांनी संकलनाच्या खोलीत सगळ्यांसमोर संकलकानं दोन्ही प्रसंग एकापुढे एक जोडले आणि मान हलवली. "पट्टीनं हात बदलला की. चित्र उलटं करावं, तर मागचं घड्याळ उलटं फिरतंय."

निर्माते ताईकडे वळले. "बावीस वर्षं काय केलंत हो तुम्ही?"

"त्यांना नका बोलू," बारक्या म्हणाला. "त्या दुसरा टेक मागत होत्या. मीच म्हटलं, चालतंय."

"मग तुमच्या पुढच्या सिनेमाचंही आपण नंतर बघू," निर्माते म्हणाले आणि फोन कानाला लावून निघून गेले.

ताई बाहेर येऊन बाकावर बसली. त्याला पाण्यात पाहणं सोपं होतं. त्याच्या उपकाराखाली बसणं तिला जड जात होतं. थोड्या वेळानं तोही बाहेर आला.

"नजर गेली रे माझी," ती खाली बघत म्हणाली. बावीस वर्षांत कमावलेलं तिनं एका वाक्यात घालवलं. खरं सांगण्यापेक्षा ते बरं वाटलं.

त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "हा संकलकाच्या फायलीत होता. कुणी बघायच्या आत मी काढून घेतला."

तिचाच त्या दिवसाचा तक्ता होता. अक्षर नेहमीसारखं सरळ, टपोरं. पावलांपासून दारापर्यंतची वेळही सेकंदांसकट टिपलेली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं : पट्टी डाव्याऐवजी उजव्या हाताला. टेक उत्तम.

तोंड खोटं बोललं होतं, पण हातानं सवयीनं खरं लिहून टाकलं होतं.

"चार वर्षं तुमचे तक्ते उतरवून काढले, ताई," तो म्हणाला. "शेऱ्यात 'ठीक'च्या वर तुम्ही कधी गेला नाहीत. माझ्यासाठी तर नाहीच." तो आणखी काही बोलेल म्हणून ती थांबली, पण तो आत गेला.

दाराआड संकलकानं प्रसंग पुन्हा लावला. मुलाची पावलं वाजली. ताईचा हात आपसूक गळ्यातल्या स्टॉपवॉचवर गेला आणि तिनं ते चालू केलं. पावलं थांबली, आणि लगेच दार लागल्याचा आवाज आला. मधे गालावरच्या हाताला जागाच उरली नव्हती.

तिनं पुन्हा कळ दाबली, आकडा तक्त्यातल्या वेळेशी ताडून पाहिला आणि पेन काढून त्याच कागदावर, शेऱ्याच्या खाली लिहिलं : एकोणीस सेकंद कमी.