हवेत थांबलेला अंगठा

मित्रांनो, मी शाईचा पॅड आहे. पत्र्याची चपटी डबी, तिच्यावर ताणलेले सुती कापड आणि त्यात मुरलेली जांभळी शाई, एवढाच माझा देह. माझे नेमके वय मला ठाऊक नाही. झाकणावरचा गंज पाहून तुम्हीच अंदाज बांधा. जे मी स्वतः पाहिले तेच सांगेन. जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणून सांगेन.

नारायण पेठेतल्या एका दुकानातून एका शाळेच्या लिपिकांनी मला विकत घेतले. पॅड चांगला आहे ना, असे त्यांनी विचारले. दुकानदार मान वर न करता म्हणाले, "वाईट असता तर घरी ठेवला असता, विकायला नाही." माझ्या वाट्याला आलेली ही पहिली स्तुती.

शाळा वारज्याच्या कडेला, महामार्गाच्या अलीकडे होती. भोवतालची शेते संपत होती आणि इमारती उभ्या राहत होत्या. संगणकाच्या कंपन्यांत काम करणारे त्या इमारतींत राहायला येत. इमारती बांधणारे शेजारच्या पत्र्याच्या खोल्यांत राहत. पहिल्यांची मुले पिवळ्या बसमधून दूरच्या शाळांत जात, दुसऱ्यांची पायी आमच्या शाळेत येत. त्यांच्या दाखल्यांवर उमटणाऱ्या शिक्क्याला शाई मीच पुरवत असे. शिक्का ठसठशीत उमटला की लिपिक मला हलकेच थोपटत. ते दिवस बरे होते.

दोन हजार दहाच्या सुमारास नवा कायदा आला. शाळेच्या कारभारात पालकांचे म्हणणे असले पाहिजे, असे त्यात होते म्हणे. आमच्या शाळेतही पालकांची समिती झाली, सभा होऊ लागल्या आणि माझे काम बदलले.

सभेचा क्रम ठरलेला होता. चौदा पालक सतरंजीवर बसत. मुख्याध्यापक दहा मिनिटे बोलत, मग चहा येई आणि चहाबरोबर इतिवृत्ताची वही. इतिवृत्त म्हणजे सभेत जे घडले त्याची नोंद. आमच्याकडे ती आदल्या दिवशीच लिहून तयार असे. लिपिक मजकुरावर आपला तळहात ठेवत आणि खालची मोकळी जागा पालकांपुढे सरकवत. मला उघडून शेजारी ठेवत. अकरा जण अंगठा लावत, तिघे सही करत.

या सभांवरून मी एक नियम बसवला होता: अंगठा लावणाऱ्याला वाचता येत नाही, सही करणाऱ्याला येते. नियम सोपा होता आणि माझ्या बघण्यात त्याला एकही अपवाद नव्हता. तो मी एकदाही तपासून पाहिला नव्हता, ही गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नाही.

अंगठा लावणाऱ्यांत दुर्गाबाई होत्या. पुसदकडून बांधकामावर आलेल्या, नवरा नागोराव तिथेच गवंडी, मुलगी रुपाली चौथीत. सही करणाऱ्यांत गेनबा होते. त्यांची नात तेजस्विनी आमच्याच शाळेत होती. गावची जमीन विकून हाती चार पैसे आलेले, बोटात अंगठी, सतरंजीवर पहिली जागा त्यांची. सहीसुद्धा अशी झोकदार, की तिच्या शेपटाखाली आणखी दोघांचे अंगठे मावावेत.

एका सभेत मुख्याध्यापकांनी सांगितले की शाळेच्या तीन खोल्यांत संगणकाचे केंद्र येणार आहे, आणि सर्वांनी सहकार्य करावे. पालकांनी माना डोलावल्या. चहा आला. वही फिरू लागली.

"आटपा आता," गेनबा म्हणाले. "अंगठ्यापायी च्या निवतोय."

दुर्गाबाईंनी माझ्यावर अंगठा टेकवला आणि उचलला. तेवढ्यात फोन वाजला म्हणून लिपिक उठले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा तळहातही उठला. पान उघडे पडले. अंगठा कागदावर आला नाही. तो हवेतच थांबला. माझी शाई कातडीवर साधारण दीड मिनिटात सुकते. त्या दिवशी ती हवेतच सुकली.

मग दुर्गाबाईंनी वाचायला सुरुवात केली. मोठ्याने, शाळेत पाठ वाचतात तसे, एकेक शब्द सुटा करत.

"पाचवी ते सातवीचे वर्ग, महामार्गापलीकडील शाळेत हलविण्यास, सर्व उपस्थित पालकांची, संमती आहे."

मला जो धक्का बसला त्याचे वर्णन मी करू शकत नाही. एवढेच सांगतो की माझा नियम एका वाक्यात मोडला होता, आणि ते वाक्य मी ज्यांना निरक्षर समजत होतो त्या बाईंनी वाचले होते.

मुख्याध्यापकांनी विचारले, "तुम्हाला वाचता येतं?"

"सातवी पास आहो मी, सर."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुमी पॅड समोर केला," दुर्गाबाई म्हणाल्या. "पेन नाही केला. मले वाटलं, इथं असंच असते. मोठ्या शहरात कोण तोंड उघडते?"

मग त्यांनी विचारले की पुढच्या वर्षी रुपाली पाचवीत जाईल, तिने तो रस्ता ओलांडायचा कसा? त्या रस्त्यावर ट्रक थांबत नाहीत. पलीकडे जावे लागले तर पोरगी घरी बसेल, असेही त्या म्हणाल्या. मुख्याध्यापक म्हणाले की हे वरून आले आहे. वर म्हणजे कुठून, ते त्यांनी सांगितले नाही.

दुर्गाबाई गेनबांकडे वळल्या. "काका, तुमी तर सही करता. तुमी वाचलं असंल ना?"

गेनबांनी कप खाली ठेवला. बोटातली अंगठी फिरवली.

"मला सही येती," ते म्हणाले. "खरेदीखतापायी गिरवून गिरवून शिकलो. वाचाय येत न्हाई. मला सांगितलं, पोरांसाठी कंप्युटर येणार हाईत. पोरंच जाणार हाईत, हे कुणी सांगितलं?"

मित्रांनो, माझ्या नियमाचा उरलेला अर्धा भागही असा गेला. ज्यांना वाचता येत होते त्यांनी अंगठा लावला होता, ज्यांना येत नव्हते त्यांनी सही केली होती, आणि पान कुणीच वाचले नव्हते. या साऱ्याला ओल मी पुरवली होती. मला दोष देऊ नका, मी वस्तू आहे, असे म्हणता आले असते. पण ठसा ठळक उमटला की मला अभिमान वाटत असे, हे मी कसे लपवू?

दुर्गाबाईंनी पेन मागितले. लिपिकांनी खिशातले दिले. ठरावाखाली त्यांनी लिहिले, 'माझी हरकत आहे', आणि सही केली. वही पुढे गेली. अंगठा लावणाऱ्या अकरांपैकी चौघांना लिहिता येत होते. इतरांना दुर्गाबाईंनी पान दोनदा वाचून दाखवले, मगच त्यांनी हरकतीखाली अंगठे उठवले. गेनबांची सही शेवटची होती. या वेळी तिला शेपूट नव्हते.

त्या हरकतीमुळे वर्ग हलले नाहीत. केंद्राला एक खोली मिळाली, तीत शाळेच्या मुलांना शनिवारी बसू देतात असे ऐकतो. रुपाली सातवी याच शाळेतून पास झाली. तिच्या दाखल्यावरचा शिक्का माझ्याच शाईचा.

आता मला कुणी फारसे उघडत नाही. जुन्या वस्तू अशा वेळी आपली काळजी घेण्याची विनंती करतात. माझी विनंती वेगळी आहे. तुमच्या शाळेत सभा असेल तेव्हा आईवडिलांबरोबर जा. त्यांच्यापुढे कागद आला की आधी तो वाचा किंवा वाचून घ्या, सही येत असली तरीही. मग पेन पुढे करा. पेन नको म्हणाले तरच माझे झाकण उघडा. गंजामुळे ते उघडायला वेळ लागतो. तो वेळ वाचायला पुरतो.