तीन नंबरच्या बाटलीतलं ल्यूसिन

आमच्या कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. भरूच जिल्ह्यात आहे एवढं पुरे, कारण माझ्या नोकरीची अजून दोन वर्षं उरली आहेत. मी रेवाबेन, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली सहायक. चोवीस वर्षांत मी इथे सात विभागप्रमुख पाहिले. त्यातल्या एकालाही बाटलीचं बूच घट्ट लावता येत नव्हतं.

सातवे गज्जरसाहेब. शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी सकाळी आठला मी त्यांना सांगितलं, "साहेब, ल्यूसिन संपलंय. मागणीचा कागद श्रावणापासून ऑफिसात पडून आहे."

"मग?"

"मग तीन नंबरच्या बाटलीत काय भरू?"

साहेबांनी चहाची बशी खाली ठेवली. "पाणी भर."

"पाणी?"

"अरे बेन, शोधतंय कोण? गेली अकरा वर्षं तीन नंबरची बाटली म्हणजे ल्यूसिन. पोरं कॉलेजात पाय ठेवतात तेव्हापासून त्यांना ते ठाऊक असतं. पुस्तकात आकडा आहे, आकडा लिहितील. तू उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस."

मला ते पटलं नाही. पण मी बाटली घासूनपुसून शुद्ध पाण्याने भरली, वर तीनचा आकडा चिकटवला आणि रांगेत ठेवून दिली.

नऊला परीक्षा सुरू झाली. परीक्षा तशी सोपी. कागदाच्या पट्टीवर पेन्सिलीने रेघ मारायची, बाटलीतल्या अनोळखी द्रावणाचा ठिपका द्यायचा आणि पट्टी बरणीतल्या द्रावकात उभी करायची. द्रावक कागदावर चढतो, ठिपका त्याच्यामागे ओढला जातो. मग पट्टी वाळवून निनहायड्रिन फवारायचं आणि गरम करायचं. अमिनो आम्ल असेल तिथे जांभळा डाग उमटतो. डाग किती चढला भागिले द्रावक किती चढला, यावरून पदार्थ ओळखायचा. ल्यूसिन या अमिनो आम्लाचं उत्तर येतं शून्य दशांश त्र्याहत्तर.

मात्र निनहायड्रिनला माणसाचा घामही चालतो. बोट लागलं की बोटाचा डागसुद्धा तसाच जांभळा. म्हणून पट्टी चिमट्याने धरा असं मी दरवर्षी घसा कोरडा पडेपर्यंत सांगते. चिमटे कपाटात नव्यासारखे आहेत.

त्या दिवशी एकतीस जणांना तीन नंबरची बाटली आली. दुपारी एकपर्यंत तीस जणांना त्यात ल्यूसिन सापडलं. पट्ट्या घामाच्या हातांनी इतक्या चिवडल्या होत्या की डागांना तोटा नव्हता. सोयीच्या उंचीवरचा डाग निवडायचा आणि त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल काढायचा. एकाने आधी गोल काढला आणि मग त्यात अंगठा टेकवला. तेवढा एक मात्र पुढे मोठा माणूस होईल.

एकतिसावी किन्नरी वसावा. डेडियापाड्याकडच्या जंगलातली, दोन बस बदलून येणारी. औषधाच्या एका कारखान्याच्या तपासणी विभागात तिची जागा ठरली होती. अट एवढीच की या प्रात्यक्षिकात पास व्हायचं. नापास झाली तर जागा दुसऱ्याला. घरी तिच्यामागे तीन भावंडं होती. हीच एक मुलगी कपाटातून चिमटा मागून घ्यायची. तिची पट्टी पांढरीशुभ्र निघाली. तिने पुन्हा ठिपका दिला, दुसरी पट्टी केली. तीही कोरी. शेवटी तिने उत्तरपत्रिकेत लिहिलं: 'या द्रावणात अमिनो आम्ल आढळले नाही.'

बाहेरून आलेले परीक्षक चोक्सीसाहेब सुरतचे. बाहेरच्या परीक्षकाची आमच्याकडे जावयासारखी बडदास्त असते. त्यांना सकाळी फाफडा-जिलेबी झाली होती आणि आता भरूचची खारी सिंग, म्हणजे खारे शेंगदाणे, चालली होती. दोन बोटांत दाणा चुरडायचा, फोल फुंकायचं, दाणा तोंडात. टेबलावर फोलांचा ढीग साचला होता.

"पन्नासपैकी बारा," ते म्हणाले. "नापास. बेटा, तीस जणांना दिसलं ते तुला दिसलं नाही?"

"साहेब, नव्हतंच."

"नव्हतं? बघा गज्जरभाई, आजकालची पोरं! स्वतःच्या हातात कसब नाही आणि म्हणे बाटलीत नाही. थांब, मी करून दाखवतो. पस्तीस वर्षं हेच करतोय."

त्यांनी स्वतः ठिपका दिला, पट्टी बरणीत सोडली आणि विभागात जेवायला गेले. ऊंधियू होतं. किन्नरी तीन तास बरणीसमोर उभी राहिली. मी तिला बस म्हटलं तरी बसली नाही.

चार वाजता साहेब परतले, खिशात सिंगची पुडी होतीच. पट्टी वाळली तशी त्यांनी ती डाव्या हातात पकडली, अंगठा मध्याच्या जरा वर दाबून, आणि वरच्या कोपऱ्यात झोकात सही केली. "परीक्षकाचा नमुना! फाईलला लावा." मग फवारा मारला आणि पट्टी ओव्हनमध्ये ठेवली. बाहेर काढली तेव्हा तिथेच टपोरा जांभळा डाग.

"हे काय आहे?" साहेब गरजले. पट्टी ओल्या डोळ्यांच्या किन्नरीपुढे नाचवत त्यांनी फूटपट्टी लावली. "शून्य दशांश त्र्याहत्तर! आता बोल!"

गज्जरसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. पोरांनीही वाजवल्या.

किन्नरीने चिमट्याने पट्टी घेतली आणि खिडकीपाशी नेली. "साहेब," ती हळूच म्हणाली, "या ल्यूसिनला रेघा आहेत."

कोणी तरी फिस्सकन हसलं. चोक्सीसाहेबांनी चष्मा शोधला, तो सापडला नाही.

"रेघा म्हणजे? नीट पसरलं नसेल. बारा म्हणजे बाराच!"

तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. मी पुढे झाले. "साहेब, तीन नंबरमध्ये ल्यूसिन नाही. पाणी आहे. सकाळी मीच भरलंय."

गज्जरसाहेबांचा चेहरा पडला. चोक्सीसाहेब मात्र हसले. "बेन, तुम्ही काचा धुवा. हे तुमचं काम नाही."

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी तीन नंबरची बाटली उचलली, बूच काढलं आणि सगळ्यांसमोर घटाघटा पिऊन रिकामी केली.

"रेवाबेन!" गज्जरसाहेब ओरडले. "प्रयोगशाळेत खाण्यापिण्याला सक्त मनाई आहे!"

त्यांच्या कोपराखालून सिंगची दोन फोलं उडाली.

मला काही होतंय का हे सगळे दोन मिनिटं बघत राहिले. मला काही झालं नाही, एक ढेकर आली तेवढी. मग पोरांना बाहेर काढून दार लावलं गेलं. आत आम्ही चौघं उरलो.

"हे विद्यापीठाला कळलं तर परीक्षा रद्द," गज्जरसाहेब घाम पुसत म्हणाले. "तीस पोरांचं नुकसान. बेटा, त्यांचा तरी विचार कर."

"ती पट्टी इकडे दे," चोक्सीसाहेबांनी हात पुढे केला.

किन्नरीने चिमटा छातीशी धरला. "हिच्यावर तुमची सही आहे, साहेब. आणि खाली अंगठा."

आमच्याकडे सही येते तो अंगठा देत नाही आणि अंगठा देतो त्याला सही येत नाही. साहेबांनी दोन्ही देऊन ठेवलं होतं. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आता ही पोरगी पट्टी घेऊन थेट विद्यापीठात जाणार, माझी नोकरी गेली तरी बेहत्तर, पण या दोघांची वरात निघणार!

"तीस देतो," चोक्सीसाहेब म्हणाले.

किन्नरीने पट्टी आणखी मागे घेतली.

"चाळीस."

"बाकीच्यांना किती आहेत, साहेब?"

"चव्वेचाळीस."

"मग मला सेहेचाळीस द्या. आणि आज, माझ्यासमोर लिहा."

त्यांनी लिहिले. तिने पट्टी दिली. त्यांनी पट्टीचे बारीक तुकडे करून ओव्हनजवळच्या बेसिनमध्ये टाकले आणि वर पाणी ओतलं. त्या वर्षी आमच्या कॉलेजात ल्यूसिन होतं हेही बरोबर ठरलं आणि नव्हतं हेही. मला 'प्रयोगशाळेत पेय प्राशन केल्याबद्दल' मेमो मिळाला.

जिन्यात मी तिला गाठलं. "का दिलीस ती पट्टी? मी त्या बाटलीतलं पाणी प्यायले ते कशासाठी?"

"मला नोकरी पाहिजे, बेन."

"पण खरं होतं ना ते सगळं!"

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. "खरं तर सकाळी नऊलाही होतं," ती म्हणाली. "तुम्ही चार वाजता प्यायलात."

मग ती माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले.