आठ नंबर विकणे आहे

मित्रांनो, मी आठ नंबरचा फ्लॅट. वय एक्कावन्न, मुक्काम चौथा मजला. माझ्या शेजारी आणि खाली माझी भावंडं, एकेका मजल्यावर दोन-दोन, आणि तळाला सायकली लावायची मोकळी जागा. समोर आता काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्यापुढे आम्ही अगदीच साधे दिसतो, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या जन्माची कथा त्यांच्या वाट्याला आली नाही.

आम्हाला कुणा बिल्डरने बांधलं नाही. एका छापखान्यातल्या आठ कामगारांनी मिळून सहकारी सोसायटी काढली, जागा घेतली आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा वाहिल्या. कुणाला कुठला फ्लॅट, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. चौथ्या मजल्याची चिठ्ठी आली तेव्हा अक्षरं जुळवणाऱ्या तरुण कामगाराचं तोंड एवढंसं झालं. लिफ्टचं तेव्हा कुणी नावही काढलं नव्हतं. त्याची नवी नवरी मात्र म्हणाली, "अहो, सगळ्यांच्या डोक्यावर आपण! आणखी काय हवं?"

तीच ही आमची सिस्टर. प्रसूतीच्या दवाखान्यात तिने तेहतीस वर्षं नोकरी केली. गल्लीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली. कोपऱ्यावरचा किल्लीवाला, बेकरीतली जुळी भावंडं, वाचनालयाच्या बाई, सगळे तिला सिस्टरच म्हणत. तिच्या लेकीनेही लहानपणी काही दिवस आईला सिस्टर म्हणून हाक मारली होती, मग फटका मिळाल्यावर सोडलं.

माझा सगळ्यात लाडका भाग म्हणजे मागची बाल्कनी. तिथून बसचा डेपो दिसे. सिस्टरचे मालक संध्याकाळी तिथे स्टुलावर बसून शाईचे डाग घासत आणि परतणाऱ्या बस मोजत. ते गेले त्याला नऊ वर्षं झाली. लेक लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. मग सिस्टरच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. आधी ती दिवसातून एकदा उतरायची, मग आठवड्यातून एकदा. शेवटी चौदा महिने झाले, तिने जमिनीला पाय लावला नव्हता. दवाखान्यात जायचं झालं तर दोघांनी खुर्चीत बसवून न्यायचं. एरवी दोरीला टोपली बांधून खिडकीतून खाली सोडायची, बेकरीवाली वर बघून विचारायची, "सिस्टर, आज ब्राऊन की पांढरा?"

फोनवर लेक म्हणायची, "आई, विकून टाक ते घर. माझ्याकडे ये. तिथे कोंडून किती दिवस काढणार?"

एके दिवशी सिस्टर थकून "बरं" म्हणाली आणि माझ्या दारावर पाटी लागली: विकणे आहे.

मित्रांनो, विकाऊ होणं काय असतं, ते मला विचारा. अनोळखी माणसं चपला घालून आत येतात. नळ सोडून बघतात. भिंतीवर टकटक करतात, जणू कलिंगड पारखतायत. एक बाई म्हणाल्या, "स्वयंपाकघर अगदीच काडेपेटी आहे." त्याच काडेपेटीत सिस्टरने पन्नास वर्षं घर पोसलं होतं. दलाल लगेच त्यांना पुढची खोली दाखवायला घेऊन गेला. आणि शेवटी सगळ्यांचं एकच पालुपद: "घर चांगलंय हो, पण लिफ्ट नाही."

अकरावं गिऱ्हाईक एक घड्याळजी होता. त्याला मी मनापासून आवडलो. तो बाल्कनीत उभा राहिला, हळहळला आणि म्हणाला, "आईसाठी घेणार होतो. ती खाली बाकावर बसलीय. चार मजले तिला कोण चढवणार?"

सिस्टर धरत धरत समोरच्या खिडकीशी गेली. खाली बाकावर पांढऱ्या केसांची एक म्हातारी काठी टेकून बसली होती.

"अहो बाई!" सिस्टरने हाक मारली. "वर या चहाला!"

म्हातारीने मान वर केली. "गुडघे नाही म्हणतात! तुम्हीच या खाली!"

"माझेपण नाहीच म्हणतात!"

दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या, की किल्लीवाला दुकानाबाहेर आला. घड्याळजी आईला घेऊन निघून गेला. सिस्टर खिडकीतच उभी राहिली. हसता हसता तिचे डोळे भरून आले होते. मग तिने पदराने नाही, चक्क पडद्याने डोळे पुसले आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन लावला.

"मीटिंग बोलवा. विषय लिफ्ट. आणि मीटिंग माझ्याकडे, मला खाली येता येत नाही."

"सिस्टर, वीस वर्षांत हा विषय तीनदा पडलाय," सेक्रेटरी म्हणाले.

"मग चौथ्यांदा उभा करू. पोरं पडत-पडतच चालायला शिकतात."

रविवारी आठही घरांची माणसं माझ्या पुढच्या खोलीत दाटीवाटीने बसली. एकमत लागत असल्याने एकट्याच्या नकारावर तीनदा विषय पाडणारे होते पहिल्या मजल्यावर एक नंबरमध्ये राहणारे शिंपीमास्तर. त्यांना बाकीचे आडमुठे म्हणत. सिस्टरने मात्र पहिल्यांदा त्यांनाच विचारलं, "मास्तर, तुमचं म्हणणं काय ते आज नीट सांगा. मध्ये कुणी बोलणार नाही."

मास्तर आधी चाचरले. मग म्हणाले, "लिफ्ट पुढच्या बाजूला उभी राहिली, तर माझ्या खिडकीचा उजेड जातो. त्या उजेडावर मी चाळीस वर्षं शिवतोय. आता नजर अधू झालीय. तो उजेड गेला की माझं काम संपलं. एवढंच आहे. मला कुणाचं वाईट नाही करायचं."

वीस वर्षं भांडण झालं होतं, पण हे कुणी ऐकूनच घेतलं नव्हतं.

तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची सून बोलली. ती पूल बांधणारी इंजिनिअर. "मग मागून नेऊ या की. मागच्या बाल्कन्या जिन्याला लागूनच आहेत. मधली भिंत पाडली, तर निम्म्या बाल्कनीत लिफ्ट बसेल आणि निम्मीतून जिन्यावर जायची वाट होईल. पण दोन, चार, सहा आणि आठ नंबरला बाल्कनी सोडावी लागेल."

लगेच कुजबुज सुरू झाली. चार नंबरवाले म्हणाले, "आमचीच बाल्कनी का म्हणून?"

सिस्टरने माझ्या मागच्या दाराकडे पाहिलं. डेपोतून एक बस बाहेर पडत होती, तिचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"पहिली माझी फोडा," सिस्टर म्हणाली. "माझ्या माणसाची जागा आहे ती. पण त्यांनी इथे विटा वाहिल्या त्या माणसं आत कोंडायला नाही."

कुणी मत मागायच्या आधीच शिंपीमास्तरांचा हात वर गेला. मग सहा नंबर, मग दोन. शेवटी चार नंबरवाले स्वतःशीच पुटपुटले, "तशी तिथे नुसती अडगळच आहे म्हणा," आणि त्यांनीही हात वर केला. आठपैकी आठ! सेक्रेटरींनी इतिवृत्त लिहिताना दोनदा मोजलं.

पाच महिने काम चाललं. माझी बाल्कनी फुटली तेव्हा दुखलं, खोटं कशाला बोलू? पण प्रत्येक घावासरशी माझी छाती फुगत गेली. या जगात किती घरांना असं कामी यायला मिळतं?

लिफ्ट सुरू झाली त्या सकाळी सिस्टर इस्त्रीचे कपडे घालून तयार होती. बटण तिनेच दाबलं. ती खाली पोचली तेव्हा अख्खी गल्ली दारात उभी होती. बेकरीतली जुळी, वाचनालयाच्या बाई, किल्लीवाला आणि सगळ्यांच्या पुढे शिंपीमास्तर. टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की चौथ्या मजल्यावर माझ्या काचा थरथरल्या. मास्तरांच्या हाताला धरून सिस्टर रस्त्यावर आली. तिने एकदा जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाली, "चला, कुठं जायचं?"

त्या दिवशी ती डेपोपर्यंत गेली. चक्क बसमध्ये बसून एक फेरी मारून आली! दुपारी घड्याळजीच्या आईला निरोप गेला, आणि ती लिफ्टने वर येऊन दोन कप चहा पिऊन गेली. संध्याकाळी दलाल घाईघाईने आला. "सिस्टर, लिफ्टमुळे भाव कुठल्या कुठे गेलाय! उद्याच गिऱ्हाईक आणतो."

सिस्टरने दारावरची पाटी काढली आणि त्याच्या हातात ठेवली. "घेऊन जा, दुसरीकडे लागेल. हे घर आता राहतं आहे." मग तिने लेकीला फोन करून सांगितलं, "तूच ये इकडे. सामान जड आणलंस तरी चालेल."

आता शेजारच्या दोन इमारतींनीही सिस्टरला त्यांच्या मीटिंगला बोलावलं आहे. ती वहीपेन घेऊन जाते आणि सगळ्यांत आधी नकार देणाऱ्याचं म्हणणं ऐकते.

मित्रांनो, तुम्हीही कुठल्या तरी घरात राहता. त्या घराला रंग द्या, गळती थांबवा, आम्हाला ते आवडतंच. पण एक काम त्याच्याही आधी करा. जिना चढताना वाटेतल्या बंद दारांवर कधीतरी थाप मारा आणि विचारा, "आजी, आजोबा, तुम्ही खाली कधी उतरला होतात?" उत्तर यायला वेळ लागला, तर तिथेच बसा आणि काय करता येईल ते ठरवा. आम्ही भिंती द्यायला तयार आहोत. हात मात्र तुम्हालाच वर करावे लागतील.