रोज सुटका होणारा पाव्हणा

मित्रांनो, मी एक जुना बाहुला आहे. लगेच लाडीगोडी लावू नका, मी खेळण्यातला बाहुला नव्हे. मला उचलायला गेलात तर तुमच्या बाबांचीही कंबर धरेल, एवढा मी जड आहे. मला डोळे नाहीत, नाक नाही, पण दिसतं मात्र सगळं. कामधंदा विचाराल, तर मी ओलीस आहे. ओलीस म्हणजे गुंडांनी कोंडून ठेवलेला माणूस. अतिरेक्यांशी लढणारं पोलिसांचं पथक मला सोडवण्याचा सराव करतं. माझ्याइतक्या वेळा सुटका झालेला जीव त्रिभुवनात शोधून सापडायचा नाही!

माझा जन्म नाशिकच्या सातपूरचा. तिथल्या एका छोट्या कारखान्यात मोटारसायकलींच्या सीटची कव्हरं शिवतात. तिथल्या कुसाबाईंनी जाड कापडाचं माझं अंग शिवलं आणि हातापायांत वाळूच्या पिशव्या भरल्या. छातीत काय भरावं ते मात्र सुचेना. तेव्हा त्यांच्या येवल्याच्या भाच्याने मागावरच्या तुटक्या रेशमाचं गाठोडं आणून दिलं. पैठणीचे धागे ते! जांभळे, हिरवे, मोरपंखी. बाहेरून मी मातकट आणि आत नुसती दिवाळी. म्हणूनच की काय, मला जागेपणीही स्वप्नं पडतात. शेवटचा टाका घालून कुसाबाई म्हणाल्या, "जा रे बाबा, कुणाच्या तरी उपयोगी पड."

नाशिकबाहेर डोंगराच्या पायथ्याशी पथकाचं मैदान आहे. तिथे सरावासाठी एक लुटुपुटूचं घर बांधलंय. त्याला दारं आहेत, खिडक्या आहेत, जिना आहे, पण छप्पर नाही. भिंतींच्या वर लाकडी माच आहे आणि त्यावर उभे राहून धनराज सर खाली बघतात. ते इथले मुख्य शिक्षक. सकाळी मला खुर्चीत बसवून सगळे निघून जायचे आणि घर कसं शांत शांत व्हायचं. मी वर आभाळाकडे बघत बसायचो. ओझरकडून एखादं विमान यायचं, ढगात शिरायचं, आणि मीही त्याच्यामागे जायचो. कधी द्राक्षांच्या मळ्यांवरून तरंगायचो, कधी गोदावरीच्या पाण्यात उताणा पडून वाहत राहायचो. तेवढ्यात धाड! दार उघडायचं, आरडाओरडा व्हायचा, पुठ्ठ्याच्या गुंडांवर रंगाच्या गोळ्या फुटायच्या आणि कुणीतरी माझी मानगूट धरून मला फरफटत न्यायचं. पायरी पायरीवर डोकं आपटायचं. शिकायला आलेल्या पोरांनी माझं नाव ठेवलं होतं 'पाव्हणा'. पाव्हण्याला असं नेतात का हो कुणी?

त्यांच्यात सनी सगळ्यांत चपळ. मला खांद्यावर टाकून असा पळायचा की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. "शाब्बास, पाव्हणा वाचला!" असं सर वरून ओरडायचे. खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा अभिमान वाटायचा.

मग पल्लवी आली. पेठच्या डोंगरातल्या भात-नागली पिकवणाऱ्या घरातली पोर. आधी ती एका चौकीवर शिपाई होती. या पथकात यायचं हेच तिचं स्वप्न होतं. इथे प्रशिक्षणाच्या शेवटी एक परीक्षा असते. पास झालं तर पथकात, नाहीतर पुन्हा आपली जुनी चौकी.

पहिल्याच दिवशी पल्लवीने खोलीत पाऊल टाकलं, गुंड टिपले आणि माझ्यासमोर येऊन चक्क थांबली. म्हणाली, "बाबा, मी पोलीस हाय. भिऊ नका. आता तुम्हाला उचलते." आणि डोक्याखाली हात घालून तिने मला अलगद उचललं. मित्रांनो, आजवर माझ्याशी असं कुणीच बोललं नव्हतं. मला तर रडूच आलं असतं, पण डोळे कुठले आणायचे?

सर मात्र भडकले. "पल्लवी, बाहुल्याशी गप्पा मारायला आलीस का इथे?"

"सर, आमच्याकडं एका घराला आग लागली व्हती," पल्लवी खाली मान घालून म्हणाली. "आमची हेल्मेटं बघून आतला म्हातारबाबा भ्याला आन् उलटा आतच पळाला. लय भाजला बिचारा. तवापासून मी आधी बोलते."

"अगं, तो माणूस होता. हा पाव्हणा आहे! परीक्षेत वेळ चुकली की थेट चौकी. मी काहीही करू शकणार नाही, सांगून ठेवतो."

पण दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. "बाबा, मी पोलीस हाय. भिऊ नका." बाकीची पोरं फिदीफिदी हसायची. सरावात तिचाच नंबर शेवटून पहिला यायचा. माझा जीव नुसता टांगणीला लागायचा. वाटायचं, नको गं बोलूस बाई माझ्याशी, उचल आणि पळ! आणि ती बोलली की पुन्हा बरंही वाटायचं.

तिथे मनीषा मॅडम म्हणून संशोधन करणाऱ्या एक बाई येत. संकटातून सोडवताना माणसं कशी वागतात, याचा त्यांचा अभ्यास. परीक्षा जवळ आली तेव्हा त्या सरांना म्हणाल्या, "या वेळी पाव्हण्याबरोबर आत एक खरं माणूस बसवूया का? पोरांना सांगायचं नाही."

"खुशाल बसवा," सर म्हणाले. "माझी पोरं आत मुंगीसुद्धा ठेवणार नाहीत."

कुणाला बसवायचं? तर रंगूबाई पुढे आल्या. त्या पथकाच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या करतात. "मला बसवा. रोज जेवूखाऊ घालते, ती पोरं काय दिवे लावतात ते तरी बघू."

परीक्षेच्या सकाळी रंगूबाईंना हेल्मेट, चष्मा आणि जाड जाकीट घालून कपाटाच्या आड जमिनीवर बसवलं. मॅडमने त्यांना बजावलं, "भेदरलेलं माणूस बोलत नाही. कुणी विचारलं तरच बोला." मग खोलीत यंत्राने पांढरा धूर सोडला. आधी भिंती गेल्या, मग कपाट गेलं, मग माझे पायही दिसेनासे झाले. मला वाटलं, आपण खुर्चीसकट ढगातच येऊन बसलो. त्या ढगातून हळूच आवाज आला, "काय रं पाव्हण्या, तुला बी भ्या वाटतं का रं?" मित्रांनो, मला हो म्हणायचं होतं.

बाहेर सर सांगत होते, "आत किती ओलीस आहेत, माहीत नाही. सगळ्यांना बाहेर आणा."

सनीची तुकडी आली. धाड, फट फट, गुंड पडले! सनीने धुरातून सरळ माझी खुर्ची गाठली, मला खांद्यावर मारलं आणि पळाला. रंगूबाई तिथेच, हाताच्या अंतरावर! अरे, मला टाका, बाई राहिली आत! मी जिवाच्या आकांताने ओरडलो. पण ज्याला तोंडच नाही, त्याचं कोण ऐकणार? बाहेर टाळ्या पडल्या. मला पुन्हा आत आणून बसवलं. दुसरी तुकडी आली, तिनेही मलाच नेलं. तिसरीही तशीच. पोरांचे डोळे चांगले होते हो, वाईट होती ती सवय. इतके दिवस ओलीस म्हणजे खुर्चीतला पाव्हणा. तो खांद्यावर आला की काम फत्ते! माचावर सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

शेवटी पल्लवी आली. तिचे दोन साथीदार गुंडांना टिपून दाराशी गेले. एक ओरडला, "पल्लवी, उचल पाव्हणा, चल! वेळ संपतोय!"

ती थांबली. "बाबा, मी पोलीस हाय. भिऊ नका." आणि मग धुराकडे तोंड करून म्हणाली, "आत अजून कोण हाय का?"

वेळ पळत होता. पल्लवीची चौकी मला समोर दिसायला लागली. आणि कपाटामागून बारीक आवाज आला, "मी हाय गं माय."

पल्लवी आवाजावर गेली. रंगूबाईंनी कपाटामागच्या खिडकीचा गज घट्ट धरला होता. नाटक करता करता त्या खरंच भेदरल्या होत्या, बोटं सुटेनात. "मावशी, माझा खांदा धरा. एक हात सोडा. आता दुसरा. मी हाय ना." त्यांना कवेत घेऊन ती निघाली. साथीदार मला उचलायला आला, तर म्हणाली, "राहू दे त्याला. तू मावशींच्या पुढं चल." जाताना मला म्हणाली, "बाबा, थांबा तुम्ही. तुम्हाला काय होत नाय." त्या दोघी जिन्यावर असतानाच वेळ संपल्याची शिट्टी झाली.

छप्पर नसल्यामुळे बाहेरचं सगळं मला ऐकू आलं. आधी रंगूबाईंचा तोफखाना! "मेल्यांनो, भाकऱ्या खाता माझ्या हातच्या, आन् मला टाकून त्या गोणपाटाला घेऊन पळता व्हय रं?" मग सरांचा आवाज आला, घोगरा. "शिट्टी झाली तेव्हा पल्लवी आतच होती. नियमाने ती नापास. पण बाकीच्यांना पास तरी कसं म्हणू? रंगूबाई आतच होत्या की! सवय मीच लावली तुम्हाला. पल्लवी पथकात आली. तुम्ही सगळे पुन्हा परीक्षा द्याल." सनीने वाकून रंगूबाईंचे पाय धरले. "मावशी, चुकलो." त्या म्हणाल्या, "ऊठ, आधी जेवून घे, मग रड."

आता माझ्या शिवणी उसवल्यात. परीक्षेला गावातली खरी माणसं येऊन बसतात आणि मी बहुतेक दिवस कोठीत पडून असतो. तक्रार नाही. फक्त अधूनमधून मला ऊन दाखवा आणि उंदरांपासून सांभाळा, एवढंच मागणं. आणि मित्रांनो, कधी पडलेल्या माणसाला उचलायची वेळ आली, तर हात घालण्याआधी दोन शब्द बोला. आपण कोण ते सांगा. मग आजूबाजूला बघा, आणखी कुणी राहिलंय का.

त्या दिवशी मला न्यायला कुणीच परत आलं नाही. सगळे रंगूबाईंच्या भोवती जमले होते. धूर हळूहळू विरला, भिंती परत आल्या, वर निळं आभाळ उघडलं. मी आपला खुर्चीतच. आयुष्यात इतक्या वेळा माझी सुटका झाली, पण खरा आनंद झाला तो त्या एकाच दिवशी, मला तिथेच ठेवून पल्लवी निघून गेली तेव्हा.