चिमूटभर मीठ

टोफूच्या दुकानाबाहेर, पायरीच्या डाव्या अंगाला एक लाकडी पाट होता. फुमिएने आपलं भांडं त्या पाटावर ठेवून मागे सरायचं आणि दुकानाच्या मालकीण हात्सुएबाईंनी वरून टोफूचा तुकडा त्यात सोडायचा. भांड्याला हात लागता कामा नये. सान टेल्मार शहराच्या हिनोदे वस्तीत ही रीत सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. डोक्यावरून सामान पोचवणारी यंत्रं घोंघावत, समोरच्या भिंतीवरची दहा मजली जाहिरात डोळे मिचकावत असे, आणि खाली पाट तसाच असे.

फुमिएचा नवरा तोकुजी मढ्यांतली यंत्रं काढायचा. या शहरात निव्वळ हाडामांसाचा माणूस राहिलाय कुठे? गोदीत राबणाऱ्याचा खांदा पोलादी, शिंपिणीचा डोळा काचेचा, म्हाताऱ्यांच्या छातीत हृदय चालवणारी बॅटरी. ती न काढता देह भट्टीत सारला, तर भट्टीच फुटते. म्हणून घरात कुणी गेलं की आधी तोकुजीला निरोप जातो. तो मागच्या दारानं येतो, मागच्याच दारानं जातो, आणि त्याची पाठ वळताच उंबऱ्यावर मीठ फेकतात. विटाळ जावा म्हणून! गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे गरज सरायच्या आधीच वैद्याला मेलेला धरतात. समुद्र ओलांडून आलेले हे लोक भाषा अर्धी विसरले, पण विटाळ तेवढा त्यांनी जिवापाड जपून आणला!

अशा तोकुजीची मुलगी चिझुरू. कृत्रिम हात जुळवण्याच्या कारखान्यात ती कामाला होती. तिथेच हात्सुएबाईंच्या कियोहारूशी तिचं जमलं. मुलगा हट्टाला पेटला, तेव्हा हात्सुएबाई नाइलाजाने तयार झाल्या. पाटाजवळ उभ्या फुमिएला त्या वरूनच म्हणाल्या,

"मुलगी गुणी आहे हो, नाही कोण म्हणतं? पण आधी तिला आमच्या ओळखीच्या मियामोरींच्या घरी दत्तक द्या. तिथून ती आमची सून होऊन येईल. लग्नात तुम्ही दोघं दिसायचं नाही. पुढेही येणं-जाणं नाही."

"बाळंतपणालासुद्धा नाही?" फुमिएने विचारलं.

"मियामोरीबाई आहेत की!"

चिझुरूने हे ऐकून भाताचा वाडगा पुढ्यातून सारला. "असलं लग्न नको मला!"

"वेडी का गं तू?" तोकुजी म्हणाला. "आमचा जन्म त्या पाटावर गेला. तुझं भांडं तरी कुणी हातात घेऊ दे."

बापाच्या तोंडचं हे वाक्य तिला मोडता आलं नाही. रडत रडत ती मियामोरींची झाली.

लग्न तोंडावर आलं आणि कियोहारूचे आजोबा गेले. होणारी सून म्हणून चिझुरूला मदतीला बोलावलं. पाहुणे पुढच्या खोलीत चहा पीत बसले होते. मागचं दार वाजलं. तिनेच उघडलं. दारात तोकुजी उभा होता, हातात हत्यारांची पेटी. त्याने मान खाली घातली.

"बाई, जरा गरम पाणी मिळेल का?"

आपल्या पोटच्या पोरीला तो बाई म्हणाला! कुणी घातली त्याला ही शपथ? तुमच्या-आमच्यासारख्या चांगल्या माणसांनीच ना?

तिने पाणी आणून दिलं. तोकुजीने म्हाताऱ्याच्या छातीतली बॅटरी काढली, टाका घातला, अंगरखा नीट सारखा केला, आणि झोपल्या मुलाच्या कपाळावरून फिरवावा तसा हात फिरवला. मग पेटी उचलून तो निघाला. चहाचं कुणी विचारलं नाही.

हात्सुएबाईंनी मिठाचा वाडगा चिझुरूपुढे धरला. "घे. हा घरच्या सुनेचा मान असतो."

चिझुरू हलली नाही. तोकुजी उंबऱ्यातच थबकला. "टाक गं," तो पुटपुटला. "मला नाही वाईट वाटत."

कियोहारू जवळ आला. "चिमूटभर तर आहे, चिझु. टाक आणि मोकळी हो."

"चिमूटभर?" तिचा आवाज पुढच्या खोलीपर्यंत गेला. "तुझ्या आजोबांना शेवटचा मायेचा हात कुणी लावला रे? तू लावलास? तू तर त्यांच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाहीस!"

तिने वाडगा घेतला आणि चुलीवरच्या रश्शाशेजारी आदळला.

"मीठ जेवणात घालतात, काकू. माणसांवर नाही."

तिने बापाच्या हातातली पेटी घेतली आणि त्याचा दंड धरून, पाहुण्यांच्या मधून, त्याला पुढच्या दाराकडे नेलं. चहाचे पेले जागच्या जागी थांबले. दारात ती वळली.

"काकू, तुमच्याही छातीत बॅटरी आहे. बाबा आता थकले. यापुढे हे काम मी करणार. वेळ येईल तेव्हा मला जरूर बोलवा, मी येईन. पण पुढच्या दारानं येईन, आणि आल्यावर चहा घेईन."



पुढचं दार टोफूच्या दुकानाच्याच पायरीवर उघडत होतं. तिथे चिझुरूने वाकून तो पाट उचलला आणि काखेत मारला.

"अगं, ठेव तो!" तोकुजी घाबरून म्हणाला. "त्यांचा आहे."

"त्यांचा कसा, बाबा? आपल्याशिवाय कुणी कधी हात तरी लावला होता का त्याला?"

त्या संध्याकाळी फुमिएने तो पाट फोडून शेगडीत घातला आणि त्याच्यावर भात रांधला.